कॅमेरा बसला, आता काळजी मिटली?



परवा आमच्या भावकीतली एक सूनबाई भल्या सकाळी ओट्यावर येऊन बसली. तिची पोर सहा वर्षांची. शाळेचे नाव काढले की पोट दुखते म्हणून रडायची. सूनबाई म्हणाली, "तात्या, शाळेत कॅमेरे आहेत. त्यात काय ते दिसेलच. तुम्ही जरा बरोबर चला."

गेलो. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी कपाट उघडून चित्रे साठवणारा डबा दाखवला. डब्यावरचा दिवाच लागत नव्हता. केव्हापासून बंद आहे, ते शिपायालाही सांगता येईना. आणि गंमत अशी की, 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात' ही पाटी मात्र दारावर टवटवीत होती.

शेतात बुजगावणे उभे केले की पहिले आठ दिवस पाखरे बिचकतात. मग त्याच्याच डोक्यावर येऊन बसतात. बंद कॅमेऱ्याचे तसेच आहे.

आपल्याकडे पुष्कळांना वाटते की कॅमेऱ्यामागे कोणीतरी सारखे बघत बसलेले असते. अहो, खेड्यातल्या शाळेत बघायला माणूस कोठला? कॅमेरा फक्त टिपून ठेवतो. काही घडल्यावर शोधायला गेले, तरच त्याचा उपयोग. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला, आणि त्या शाळेतले चित्रणच मिळत नाही अशी बातमी आली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला शासनाने निर्णय काढला. खासगी शाळांना कॅमेरे बसवायला एक महिन्याची मुदत दिली, आणि चित्रण आठवड्यातून निदान तीन वेळा तपासावे, असेही त्यात घातले. पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली, दुसरी थोड्यांच्या.

दुसरा समज असा की एकदा टिपलेले कायमचे राहते. ते काही दगडावरचे कोरीव काम नव्हे. कणगी भरली की नवे धान्य घालायला जुने काढावे लागते ना, तसे डब्यातली जागा भरली की जुने चित्र आपोआप पुसून त्यावर नवे चढते. साधारण चांगल्या प्रतीचा एक कॅमेरा दिवसरात्र चालला तर रोज वीसेक जीबी जागा खातो. चार कॅमेरे आणि एक टीबीची तबकडी असेल तर दहाबारा दिवसांत कणगी भरली म्हणा. नव्या पद्धतीचे यंत्र असेल तर थोडे जास्त दिवस निघतात. म्हणून पोराची तक्रार कानावर आली की 'यात्रा झाल्यावर बघू' म्हणू नका. त्याच दिवशी शाळेला लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचे चित्रण राखून ठेवावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

वीज गेली की कॅमेराही गेला, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. इन्व्हर्टर जोडलेला नसेल तर तेवढा वेळ कोराच. शिवाय काचेवर कोळी जाळे विणतो, धूळ बसते, यंत्राचे घड्याळ मागे पडते. मग चित्र असूनही दिवस कोणता ते कळत नाही. बरेच कॅमेरे आवाज टिपत नाहीत, तेव्हा कोण कोणाला काय बोलले ते त्यात सापडायचे नाही. आणि संडास-मुतारीत कॅमेरा लावणे कधीच योग्य नाही. कोणी लावला असेल तर तीच तक्रारीची गोष्ट. तेथे बाईमाणसाची ये-जा आणि दाराला आतून धड कडी, हीच राखण.

सर्वांत घातक समज मात्र निराळाच आहे. 'कॅमेऱ्यात दिसले नाही, म्हणजे घडलेच नाही.' किंवा, 'चित्र नाही, तर पोलीस काय ऐकणार?' हे साफ खोटे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाच्या स्वतःच्या सांगण्याला किंमत आहे. मुलाचा जबाब घरी येऊन घेता येतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि तेही गणवेश न घालता. असा गुन्हा समजूनही जो कळवत नाही, मग तो शिक्षक असो की संस्थाचालक, त्याला शिक्षा आहे. गावात तोंड उघडायला धीर होत नसेल तर १०९८ हा फोन फुकट लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाल्य असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत शेकडा पंचाहत्तर सभासद आईबापच असतात. पुढच्या बैठकीला 'कॅमेरे चालू आहेत का?' असे विचारू नका. 'हो' म्हणायला काय लागते? त्यापेक्षा 'गेल्या मंगळवारी अकरा वाजताचे चित्र दाखवा' म्हणा. दोन मिनिटांत खरेखोटे कळते. डबा कुलपात आहे का आणि किल्ली कोणाकडे, हेही विचारून घ्या.

आता त्या पोरीचे सांगायचे राहिले. रात्री वेणी घालताना आईने हळूच विषय काढला. हातपंपाच्या मागे दोन थोरल्या मुली तिचा खाऊ हिसकावून चिमटे काढत होत्या. त्या कोपऱ्यावर एकाही कॅमेऱ्याचे तोंड नव्हते. बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिघींना समोर बसवून मिटवले. पोर आता शाळेत जाते. डबा अजून दुरुस्तीला तालुक्याला गेलेला आहे.