प्रकाशाचा अर्धा तास

औषध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाटली, गोळी नाहीतर सुई येते. सकाळी उठून तेजस्वी दिव्यासमोर स्वस्थ बसणे हाही वैद्यकीय उपचार असू शकतो, हे पुष्कळांना प्रथम खरे वाटत नाही. वस्तुतः या कल्पनेला आता चाळीस वर्षे होऊन गेली. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी दर हिवाळ्यात नेमाने येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपाय सुचविला. थंडीत दुपारीच जेथे संध्याकाळ होते, अशा उत्तरेकडील देशांत तो रुजावा यात नवल नाही. दहा हजार लक्सचा दिवा आणि सकाळचा अर्धा तास, ही त्याची रूढ मात्रा. आपल्या घरातील दिवे लावलेल्या खोलीत पाचशे लक्सही क्वचितच भरतात; उघड्यावर मात्र ढगाळ दिवशीदेखील हा आकडा हजारांत जातो. डोळ्यांवाटे जाणारा हा प्रकाश मेंदूतील दिवसरात्रीचे घड्याळ जागेवर आणतो, अशी त्यामागील उपपत्ती आहे.

गर्भारपणातील व बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर हा उपाय योजावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. या अवस्थेत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे देता येतात. पण पोटातल्या बाळाच्या किंवा अंगावरच्या दुधाच्या काळजीने कित्येक स्त्रिया गोळी घेण्यास धजत नाहीत. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ गर्भवती होत्या. पाच आठवडे, रोज सकाळी एक तास, काहींसमोर सात हजार लक्सचा पांढरा दिवा ठेवला, तर काहींसमोर सत्तर लक्सचा मंद तांबडा. पांढऱ्या दिव्यासमोर बसलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणी नैराश्यातून बाहेर आल्या. तांबड्या दिव्याच्या गटात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या थोडे वर होते. पुढे नेदरलँड्समध्ये ६७ गर्भवतींवर सहा आठवडे असाच प्रयोग झाला, रोज अर्ध्या तासाचा. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले, ते वेगळेच. दोन्ही गटांतील स्त्रियांना बरे वाटू लागले होते. दिव्यादिव्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

तेव्हा या उपचारावर शेवटचा शब्द अजून उच्चारला गेलेला नाही. परंतु त्या मंद तांबड्या दिव्यासमोर बसलेल्या स्त्रियांकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. प्रखर प्रकाश त्यांना मिळाला नव्हता. दररोजचा अर्धा तास मात्र मिळाला होता, आणि तुला कसे वाटते असे विचारणारे कोणीतरी होते. त्यांना उतार पडला तो याच कारणाने, असे त्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. पण शंकेला जागा आहे खरी.

एक गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते तीच तिची खरी किंमत, असे आम्ही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवितो. दिव्याची किंमत एकदाच मोजायची असते. अर्ध्या तासाची रोज. आपल्या सामान्य घरात पाणी भरणे, डबे, थोरल्या मुलाची शाळा यांतून गर्भवतीला सकाळी अर्धा तास कोण काढून देणार? बाळंतिणीची तर रात्र जागरणात गेलेली. पहाटेचा डोळा लागतो तेवढीच तिची झोप. उलट ज्या घरांत जुना रिवाज पाळतात तेथे वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करून तिला अंधाऱ्या खोलीत ठेवतात. ज्या देशात ऊन फुकट, तेथे ते दाराबाहेर अडवायचे आणि दिव्याची जाहिरात वाचायची, हा व्यवहार मोठा विचित्र म्हटला पाहिजे.

गोव्यातील म्हापसा येथील रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तेव्हा शंभरात तेवीस जणींना नैराश्याने ग्रासले होते. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगी झाल्याचा बोल, या गोष्टी त्याच्याशी निगडित आढळल्या. यांपैकी एकही कारण दिवा दूर करू शकत नाही. शिवाय त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांचे मन गर्भारपणातच ढासळलेले होते. म्हणजे विचारले असते तर आधीच कळले असते. गर्भवतीचे वजन होते, रक्तदाब होतो, रक्त तपासतात. मनाची चौकशी त्याच रांगेत का नसावी? एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून उपलब्ध आहे. तिला काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

ज्या बाईला जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. तेथे दिव्याची किंवा उन्हाची वाट पाहणे धोक्याचे. काहींच्या बाबतीत प्रखर प्रकाशाने मन उन्मादाकडेही झुकते, म्हणून दिवा वैद्यकीय सल्ल्यावाचून आणू नये आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. बाकी घरांनी आधी एवढे ठरवावे: सकाळी सात ते साडेसात बाळ कोणाच्या मांडीवर असेल, चहा कोण टाकील, आणि सून त्या वेळी गच्चीत किंवा ओट्यावर बसली तर तिला हाक कोणी मारणार नाही ना. दिव्याच्या खरेदीचा विचार त्यानंतर.