कुऱ्हाडीला किड्यांची जोड

दलदल सुकावी म्हणून १९३०च्या दशकात फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळीवर विमानातून मेलॅल्युकाच्या बिया टाकल्या गेल्या. कायापुटी तेल देणाऱ्या झाडाचा हा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद. शतक संपेपर्यंत त्याने दक्षिण फ्लोरिडाची सुमारे २ लाख हेक्टर जमीन व्यापली. मोकळ्या गवताळ पाणथळीच्या जागी एकाच जातीचे दाट रान उभे राहिले आणि तिथल्या स्थानिक वनस्पती हटल्या. असे झाड तोडून टाकावे, हा विचार साहजिक आहे. पण मेलॅल्युकाची बी वर्षानुवर्षे फांद्यांवरच बंद बोंडांत राहते. झाड तोडले, जाळले किंवा त्यावर तणनाशक मारले, की बोंडे वाळून उघडतात आणि मोठ्या झाडाखाली कोट्यवधी बिया पडतात. खोडाला पुन्हा धुमारे फुटतात ते वेगळेच. म्हणजे नुसती तोड करणे हे एका परीने पेरणी करणेच ठरते. म्हणूनच माझे म्हणणे असे की, अशा झाडाविरुद्धच्या लढाईत झाडाचा जीव घेण्याआधी त्याची वीण थांबवायला हवी, आणि ते काम कीटकांइतके चांगले दुसरे कोणी करत नाही.

अमेरिकी कृषी संशोधकांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक सोंड्या भुंगा तिथे सोडला. त्याच्या अळ्या शेंड्याची कोवळी पाने खातात. फुलेही तिथेच येत असल्याने झाडाची सारी ताकद नवी पालवी फोडण्यात खर्च होते आणि बहर कमालीचा घटतो. पण हा भुंगा कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरतो. जिथे बारमाही पाणी साचते, तिथे त्याला कोरडी माती मिळत नाही आणि तो टिकत नाही. पाणथळीसाठी आणलेला कीटक पाण्यातच अडावा, हे या शास्त्राच्या मर्यादेचे ठळक उदाहरण आहे. त्यावर उत्तर म्हणून २००२ मध्ये सायला हा दुसरा कीटक आणला. संत्रा बागायतदारांना या वर्गातली कीड चांगलीच परिचित आहे. सायलाचे सगळे आयुष्य झाडावरच जाते, त्यामुळे साचलेल्या पाण्याची अडचण उरत नाही, आणि कोवळ्या रोपांवर व धुमाऱ्यांवर तो विशेष घात करतो. २००८ मध्ये एक गादमाशीही सोडली. त्याआधी २००५ मध्ये सोडलेली दुसरी एक माशी मात्र तगली नाही. यातला कोणताही कीटक जुने रान भुईसपाट करत नाही. ते काम करवत आणि तणनाशकाचेच. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की तोडलेली जागा पुन्हा भरून येण्याचा वेग मंदावतो.

'उसावरच्या भुंग्यांसाठी १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आणलेल्या केन टोडचे काय झाले?' हा आक्षेप रास्त आहे. पण तो बेडूक मिळेल ते खाणारा होता. इथे निवड एकाच जातीवर जगणाऱ्या कीटकांची होते, आणि मेलॅल्युकासाठीचा शोध १९८०च्या दशकात सुरू होऊनही पहिला कीटक १९९७ मध्ये बाहेर पडला. तरीही धोका शून्य म्हणता येत नाही. भुंगा आणि सायला बॉटलब्रशसारख्या जवळच्या नातलगांवर थोडेफार जातात. आपल्याकडे गाजर गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा सूर्यफुलावर दिसला, तेव्हाही वादळ उठले होते. सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, हा मला यातला सर्वांत वजनदार आक्षेप वाटतो. त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे, दीर्घ चाचणी आणि त्यानंतरची सातत्याची पाहणी. या दोन्हींचा खर्च कीटक आणण्याच्या खर्चाबरोबरच मंजूर व्हायला हवा. पाहणीचे पैसे तोडलेल्या झाडांच्या संख्येवरून नव्हे, तर पुढच्या हंगामात किती रोपे उगवली यावरून ठरावेत.