अर्थ विचारला, हा गुन्हा काय?



गेल्या आषाढी पौर्णिमेस एका विहारात पंचशील-पठणाची स्पर्धा चालू असता, दहा वर्षांच्या एका मुलीने पाचही शिक्षापदे अस्खलित म्हटली आणि परीक्षकांना विचारले, “वेरमणी म्हणजे काय?” तिला उत्तर मिळाले नाही. बुद्धमूर्तीसमोर उलट प्रश्न करू नयेत असे दरडावून तिला भरल्या सभेत मंचावरून उतरविण्यात आले. मी समोरच बसलो होतो. ती मान खाली घालून आईकडे गेली, आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले गेले.

एकाच विहाराचा हा अपराध असता, तर पत्रक छापण्याची तसदी मी घेतली नसती. परंतु मुलांकडून पाली घोकून घ्यावयाची आणि त्यालाच धम्मशिक्षण म्हणावयाचे, असा दस्तूरच आपल्यात पडून गेला आहे. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणास संविधानाच्या अनुच्छेद 28ने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा ही जबाबदारी घराची व विहाराची. 2011च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध आहेत. त्यांतील ज्या मुलांना रविवारचा एक तास लाभतो, त्यांचाही तो ऱ्हस्वदीर्घ उच्चारांतच सरतो. जातकाच्या 547 कथांपैकी एखादीही त्यांच्या कानी पडत नाही.

‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त होणे, आणि प्रत्येक शिक्षापदाच्या शेवटी येणारे ‘समादियामि’ म्हणजे मी आपण होऊन स्वीकारतो. म्हणजे शिक्षापद हा करार आहे. सावकाराने आपल्या आज्यापणज्यांना कागद वाचून न दाखविता त्यावर त्यांचे अंगठे उठवून घेतले, म्हणून आपण आजही संतापतो. मग आपल्याच लेकरांकडून न समजलेला करार वदवून घेताना ती लाज जाते कुठे?

म्हणे, लहान वयात अर्थ कळत नाही! परंपरेप्रमाणे सात वर्षांच्या असलेल्या आपल्या पुत्राला, राहुलाला, भगवंतांनी असत्याचा दोष समजाविला तो भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, ते फेकून देऊन, भांडे पालथे घालून. आरसा कशासाठी असतो, हा प्रश्नही त्यालाच विचारला. म्हणे, प्रश्नांनी श्रद्धा ढळते! बापाची अखेरची आज्ञा म्हणून ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार घालणाऱ्या सिगालाला भगवंतांनी त्या दिशांचा अर्थ सांगितला: मातापिता, गुरू, पत्नी, मित्र, सेवक, श्रमण. आणि बाबासाहेबांना बुद्ध भेटला तो विद्यार्थिदशेत, केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या मराठी बुद्धचरित्रातून, समजणाऱ्या भाषेत. पाली टाकून द्या, असे मी म्हणत नाही. ती शिकवा, म्हणजे खरोखरच शिकवा.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती बोलून दाखविण्याचे धैर्य कोणी करीत नाही. पाचव्या शीलाचा अर्थ ज्या मुलाला कळेल, ते रात्री झिंगून घरी आलेल्या बापाला जाब विचारील. चौथ्याचा कळेल, ते वर्गणीचा खोटा हिशेब वाचणाऱ्या चिटणिसाकडे टक लावून पाहील. मुलांना कळणार नाही ही भीती कोणालाच नाही. कळेल, हीच भीती आहे.

तेव्हा मागणी एवढीच, की येत्या पौर्णिमेस त्या मुलीला त्याच मंचावर सन्मानाने बोलवावे, तिच्या प्रश्नाचा जबाब मराठीत, सर्वांसमक्ष द्यावा, आणि तिचा दुसरा प्रश्न असल्यास तोही ऐकून घ्यावा.