यंत्र आणि गृहस्थ : केबलची ढील

जुन्या मोटारसायकलीसंबंधीं आपल्याकडे एक समजूत फार दृढ आहे. गाडी उचल घेईनाशी झाली किंवा तिचा आवाज बदलला, कीं जो तो एकच उपाय सांगतो : केबल जरा ताणून घ्या. ताणलेलें तें चांगलें आणि सैल तें वाईट, असा आपल्या मनाचा स्वाभाविक कल असतो. परंतु इंजिनाच्या व्यवहारांत ढील हा नेहमींच दोष नसतो. योग्य मापाची ढील ही तेथें एक गरज असते. ती समूळ काढून टाकल्यानें गाडी सुधारत नाहीं, उलट बसणाराचा जीव धोक्यांत येतो.

नागपूरच्या उत्तरेस कन्हान नदीच्या कांठीं वसलेल्या खापा या गांवीं हातमागाच्या विणकामाची जुनी परंपरा आहे. तेथील विणकराला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचें कारण पडणार नाहीं. ताणा अति ओढला तर सूत तुटतें, सैल सोडला तर कापडाचा पोत बिघडतो. या दोहोंमधली जागा बोटांनींच ओळखावी लागते. त्याच गांवच्या एखाद्या ओसरीवर उभ्या असलेल्या जुन्या बुलेटलाही हाच न्याय लागू आहे. १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊं लागलेली आणि पुढें तेथेंच घडविली गेलेली ही गाडी, बिडाच्या सिलिंडराच्या जुन्या घडणींत, सुमारें २०१० पर्यंत निघत होती. त्यामुळें कित्येक घरांत वडिलांची बुलेट आज मुलाच्या हातीं आलेली आहे. मात्र गाडीबरोबर तिच्या निगेची विद्याही हातीं येतेच असें नाहीं.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'हवा आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हची केबल' असें कोणी म्हणतो, तेव्हां दोन निरनिराळ्या वस्तु एकत्र झालेल्या असतात. हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाच्या वाटेवर दोन दारें आहेत. पहिलें दार कार्बोरेटरांत असतें. तेथें एक स्लाइड वर-खाली सरकते. आपण उजव्या हातानें मूठ पिळली कीं केबल तिला वर ओढते, आणि मूठ सोडली कीं स्प्रिंग तिला खाली लोटते. दुसरें दार म्हणजे सिलिंडराच्या माथ्यावरील खरा इनलेट व्हॉल्व्ह. त्याला केबल मुळींच नसते; कॅम, टॅपेट व पुशरॉड यांच्या द्वारें इंजिन स्वतःच त्याची उघडझांक करतें. पहिलें दार आपल्या हातीं, दुसरें इंजिनाच्या हातीं. दुसऱ्याचा बिघाड पहिल्याच्या केबलला ओढून कसा दुरुस्त व्हावा?

म्हणून आरंभ दुसऱ्या दारापासून करावा. इंजिन पूर्ण थंड असतांनाच हें काम करावें, कारण उष्णतेनें धातु वाढतात आणि माप फसवें होतें. प्लग काढून त्याच्या छिद्रावर बोट ठेवावें व किक हळूहळू फिरवावी. बोटाखाली हवेचा दाब जाणवून पिस्टन माथ्यावर आला, कीं दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत असें समजावें. मग टॅपेटचें झांकण उघडून पुशरॉड बोटांत धरून पाहावा. तो सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलतां कामा नये. न फिरेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीं, तापलेला वायु त्याच्या कडेनें निसटतो आणि कालांतरानें कड जळते. फार सैल असेल तर टकटक आवाज होतो आणि व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाहीं. थोडें बोलणारें टॅपेट बरें. अगदीं मुकें झालेलें टॅपेट अधिक संशयास्पद. लॉकनट आवळल्यावर पुशरॉड पुन्हां एकदां फिरवून पाहावा, कारण आवळतांना माप पुष्कळदां हलतें.

आतां केबल. आंतली तार आणि तिच्यावरील म्यान, अशीं तिचीं दोन अंगें. मूठ पूर्ण सोडलेली असतांना म्यानाचें टोक बोटांत धरून वर उचलावें. तें सुमारें एक-दोन मिलिमीटर मोकळें उचललें जावें. एवढी ढील हवीच. त्याहून अधिक असेल तर मूठ पूर्ण पिळूनही स्लाइड पुरती वर जात नाहीं, आणि गाडी चढावर दमते. मुळींच नसेल तर स्लाइड पुरती खाली बसत नाहीं. गाडी उभी असतांना इंजिन हळू चालावें म्हणून कार्बोरेटराला स्वतंत्र स्क्रू दिलेला असतो. तें काम केबल ताणून करणें म्हणजे एका नोकराचें काम दुसऱ्यावर लादण्यासारखें आहे.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. इंजिन तापवून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, हॅंडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश फिरवावें. इंजिनाचा वेग तिळभरही वाढतां कामा नये. वाढला तर केबल अति ताणलेली आहे, किंवा टांकीखाली कोठें तरी अडकून ओढली जात आहे. या परीक्षेकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, तें मनाशीं आणून पाहावें. सावनेरच्या रस्त्यावर ट्रकाला वाट देण्यासाठीं आपण हॅंडल वळवितों, मूठ सोडलेली असते, मागें मूल बसलेलें असतें. आणि नेमक्या त्याच क्षणीं गाडी आपण होऊन धांव घेते. असा प्रसंग आलाच तर क्लच दाबून किल्ली बंद करावी, हें घरांतील प्रत्येक चालविणाराला आधींच सांगून ठेवावें.

जुन्या बुलेटला आणखी एक केबल असते, ती डीकॉम्प्रेसरची. किक मारणें सोपें जावें म्हणून सिलिंडरांतील दाब सोडणारा एक लहानसा व्हॉल्व्ह ती उघडते. तिलाही थोडी ढील लागतेच. ती ताठ राहिली तर हा व्हॉल्व्ह किंचित् उघडा राहतो, दाब गळतो, आणि गृहस्थ सकाळभर किक मारून थकतो. दोष मात्र प्लगला मिळतो.

दोन कार्बोरेटरांच्या गाडींत, उदाहरणार्थ १९८३ मध्यें बाजारांत आलेल्या राजदूत ३५० मध्यें, आणखी एक पथ्य आहे. तेथें दोन्ही स्लाइड एकाच क्षणीं उचलल्या गेल्या पाहिजेत. इंजिन बंद ठेवून, हवेच्या तोंडांतून एकेक बोट दोन्ही स्लाइडींवर टेकवावें व मूठ अगदीं हळू पिळावी. एक आधीं हलली तर दुसरीची जास्तीची ढील काढावी. नाहीं तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता सोबत करतो.

वैशाखांतील विदर्भाची धूळ म्यानांत शिरली कीं तार जड चालूं लागते. तारेचे धागे बहुधा मुठीजवळच्या टोकाशीं एकेक करून तुटतात. एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती केबल ताणूं नये, बदलावी. नव्या केबलची किंमत वाटेंत अडकून पडण्याच्या किंमतीपुढें कांहींच नव्हे. आणि कोणताही स्क्रू फिरविण्यापूर्वीं तो किती फेरे फिरविला, तें कागदावर टिपून ठेवावें.

या साऱ्या कामाला दोन-तीन पाने, एक चिंधी आणि रविवारची एक सकाळ पुरते. मुलामुलींना शेजारीं बसवून हें करावें. कोठें आवळावें हें कोणीही शिकवील. कोठें थांबावें, हें मात्र त्यांच्या बोटांनींच शिकावें लागतें.