थंड हवेचे घर नि आषाढातला शेजार

बेळगावच्या माणसाला आंबोली म्हणजे स्वतःच्या घरामागचे परसू वाटते. पाहुणे आले, न्या आंबोलीला. परीक्षा संपली, चला आंबोलीला. सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर रस्ता. शिनोळीला राज्य बदलते एवढेच. बाकी भाजलेले कणीस नि धबधब्यापुढचा फोटो ठरलेला. त्यामुळे गेल्या वर्षी वैशाखात आमच्या थोरल्या काकांनी "आता आंबोलीत घर करणार" असे जाहीर केले, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटले नाही.

काकांनी उद्यमबागेतल्या फौंड्रीत छत्तीस वर्षे काढली. भट्टीचा धूर नि साच्याची वाळू छातीत साठवून ते निवृत्त झाले आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती आली. "जन्मभर धूर गिळला, आता चार वर्षे चांगली हवा खातो की रे," एवढेच त्यांचे म्हणणे. त्याला नाही कोण म्हणणार? घरात वाणिज्य शाखेत शिकणारा मी एकटा. मराठी शाळेत शिकलेला, पण कन्नडही वाचता येणारा. तेव्हा कागद वाचायला म्हणून मलाही गाडीत बसवले.

एजंटने आम्हांला तीन जागा दाखवल्या. पहिली अगदी कड्याच्या तोंडावर. खाली कोकण, संध्याकाळचे ऊन, वाऱ्याने काकूंचा पदर उडत होता. दुसरी धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. "उद्या वरच्या खोल्या भाड्याने द्या, पैसाच पैसा," असे तो म्हणाला. तिसरी जागा त्याने जाताजाता, जराशी ओशाळून दाखवली: बाजारवाडीच्या मागे जुने कौलारू घर, दोन खोल्या नि पडवी, समोर शेजाऱ्याचा गोठा. देखावा म्हणावा तर त्या गोठ्यातल्या म्हशींचा. काकांनी दुसऱ्याच दिवशी कड्यावरच्या प्लॉटला पन्नास हजार रुपये इसार दिला. खोटे का बोलू, त्या संध्याकाळी मीही "घ्या" असेच म्हणालो होतो.

'घर पाहावे बांधून' ही आपली म्हण कन्नडमध्येही तशीच आहे, 'मने कट्टी नोडु'. माझे म्हणणे एवढेच, की डोंगरात घर बांधून पाहण्याआधी शेजार पाहावा, आणि तो पावसात पाहावा. वैशाखात कुठलाही डोंगर चांगलाच दिसतो.

हे शहाणपण माझे नव्हे, साहेबांना ते दीडशे वर्षांपूर्वी सुचले होते. महाबळेश्वरला त्यांनी बंगले बांधले खरे, पण पावसाळ्यात तिथे राहणे त्यांना जड जाई. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या गृहस्थाच्या देखरेखीखाली पाचगणी वसवण्यात आली. दोन्ही गावांमध्ये अंतर वीस किलोमीटरही नाही, उंचीतही फार फरक नाही; पण महाबळेश्वरी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाचगणीला पडतो. सह्याद्रीची धारच तशी आहे. समुद्रावरून आलेले ढग कड्यावर आदळून रिते होतात नि पूर्वेला सरकावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. आमच्या बाजूला तेच. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात, बेळगावचा तेराशेच्या आसपास. सात हजार मिलिमीटर म्हणजे सात मीटर, म्हणजे दुमजली घर बुडेल एवढे पाणी. ते चार महिन्यांत आपल्या कौलांवर पडायचे असते. धुळीने खराब झालेल्या छातीला ही ओल मानवेल का, हे डॉक्टरांना विचारायचे आम्हांला सुचले नाही. पुढे विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली नि "थोडे अलीकडे, चंदगड-आजऱ्याकडे का बघत नाही?" असे विचारले.

जुलैत मी काकांना आग्रह करून पुन्हा नेले. एकदा शनिवारी, एकदा मंगळवारी. शनिवारी धबधब्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, प्रत्येक गाडीत वेगळे गाणे. दुसऱ्या प्लॉटच्या जागी उभे राहून एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. गर्दीतल्या कोणा पाहुण्याने कुंपणापाशी फोडलेल्या बाटलीची काच काकांच्या चपलेत घुसली. त्या जागेचा विषय तिथेच संपला.

मंगळवारी आम्ही कड्यावर गेलो. मुख्य रस्ता सोडून आत जाणारी लाल मातीची वाट उन्हाळ्यात किती सुरेख वाटली होती! आता तिचा चिखल झाला होता. गाडी अर्ध्या वाटेत रुतली, पुढे छत्री उलटी होईपर्यंत पायी. आणि ज्या देखाव्यापायी गुंठ्याला दुप्पट भाव सांगितला होता तो देखावा? धुके. दरीत धुके, वर धुके, दहा पावलांवर उभे असलेले काका दिसेनात. त्या ओळीत आधीचे पाच बंगले होते. पाचही बंद, फाटकांना गंजलेली कुलपे, एका भिंतीवर हिरवे शेवाळ खिडकीपर्यंत चढलेले. माणूस म्हणावा तर एक राखणदार, तोही पाच बंगल्यांत मिळून. त्याने सांगितले, रात्री इथे गवे येतात, वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही.

तिथून परतताना बाजारवाडीत चहाला थांबलो. तिथे दुपारी तीन वाजता दिवा लागला होता, चुलीचा धूर कौलांतून बाहेर पडत होता. घराच्या नैर्ऋत्येकडच्या बाजूला झडीला आडोसा म्हणून गवताचे तट्टे बांधलेले. मला एकदम उमगले, की या गावातले एकही जुने घर कड्यावर नाही. सगळी जरा खाली, वाऱ्याला पाठ देऊन, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या माणसांना दरी दिसत नव्हती असे थोडेच आहे? त्यांनी तिच्याकडे पाठ केली, कारण त्यांना आषाढातही तिथेच राहायचे होते.

कोणी म्हणेल, वारा-पावसाला आता काँक्रीट आहे. आहे ना. पण काँक्रीटचे घर उभे करायला उतारावर सपाटी लागते, सपाटीसाठी डोंगराची कड कापावी लागते. वरच्या मातीला खालून असलेला टेकू त्याने जातो, पावसाचे पाणी मुरून ती माती जड होते आणि एखाद्या रात्री खाली येते. २०१८ च्या ऑगस्टात कोडगूत दरडी कोसळल्या तेव्हा असल्याच कापलेल्या उतारांकडे जाणकारांनी बोट दाखवले होते. पुणे जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४ ला गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला वायनाड. दुसऱ्याच दिवशी पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा केंद्र सरकारने काढला. पहिला २०१४ चा. आमचा एजंट या मसुद्याचा उपयोग कसा करत होता पाहा: "कायदा आला की बांधकाम बंद, म्हणून आजच घ्या!" जी गोष्ट धोक्याची सूचना म्हणून लिहिली, तिची त्याने जाहिरात केली. वाणिज्य शाखेत याला विक्रीकला म्हणतात.

आता कागदांविषयी, कारण त्यासाठीच मला नेले होते. आपल्याकडे पहाणीचा उतारा, तिकडे सातबारा, दिसायला भाऊभाऊ. पण कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. महाराष्ट्रात कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून ती घेता येत नाही. काकांच्या नावावर कधी गुंठाभरही शेत नव्हते. "तिकडे चालते ते इकडेही चालते," असे एजंटने ठोकून दिले. प्लॉट एन. ए. झाला आहे म्हणाला, पण त्याचा आदेश तीनदा मागूनही दाखवला नाही. शिवाय आंबोली, चौकुळ नि गेळे या तीन गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा जुना प्रश्न आहे. संस्थानी काळापासून गावकऱ्यांनी मिळून धरलेली ही जमीन. तिच्या उताऱ्यावर पुढे सरकारचे नाव लागले आणि कसणाऱ्यांचा वाटपासाठीचा झगडा कित्येक वर्षे चालला. अशा गावात एजंटच्या तोंडी हमीवर जन्माची पुंजी ओतणारा माणूस धाडसी म्हणावा की भोळा, हे मी वडीलधाऱ्यांबद्दल बोलत असल्यामुळे लिहीत नाही.

माझा एक वर्गमित्र, मागच्या पानांवर कन्नडमध्ये कविता लिहिणारा, यावर मला म्हणाला, "तू घराचा विचार करतोस, लोक गुंतवणुकीचा करतात. भाव वाढला की विकायचे, शेजार कशाला बघायचा?" त्याच्या या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. बाकीचा हिशेब मी करू शकतो: बंद घराची दर वर्षीची डागडुजी, गंज, राखणदाराचा पगार, अडकलेल्या रकमेचे बुडालेले व्याज. पण त्या ओळीतल्या पाच कुलपांचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा? तिथे वस्ती आहे असे नकाशा सांगतो, पण रात्री हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. मोठे हॉस्पिटल म्हणाल तर घाट उतरून सावंतवाडी, नाहीतर आपले बेळगाव. आणि घाटात दरड कोसळून वाहतूक अडल्याच्या बातम्या पावसाळ्यात येतातच. अशा वेळी सत्तरीच्या माणसाला गाडीत घालून कोण नेणार? धुके नेणार नाही.

त्या चहाच्या दुकानातल्या आजींनी आम्हांला जो प्रश्न विचारला, तो एजंटने कधी विचारला नव्हता. काकांनी मोठ्या उत्साहाने सांगितले, की आम्ही इथे घर घेतोय. आजींनी कपबशी पुढे केली नि विचारले, "पावसात राहणार काय? की तुम्हीपण कुलूप लावून जाणार?" तोवर मी समजत होतो की शेजार आपण निवडायचा असतो. त्यांनाही आमच्याविषयी काही मत असेल, हे माझ्या गावीही नव्हते. काका काही बोलले नाहीत. चहाचे पैसे देऊन झाल्यावर मात्र त्यांनी त्या कौलारू घराच्या मालकाचा पत्ता विचारून घेतला.

इसाराचे पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत. एजंट फोन उचलत नाही. उचललाच तर "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. काकांनी कौलारू घरही लगेच विकत घेतलेले नाही. यंदाच्या ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत त्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहून पाहायचे ठरले आहे. छातीला मानवले तर पुढचे, नाहीतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चंदगडच्या बाजूला शोधायचे. काकूंनी या सगळ्या चर्चेत एकच प्रश्न विचारला, वाळण कुठे घालायचे. त्याचे उत्तर अजून कोणाला देता आलेले नाही.