पगाराची यादी आणि उघडी टपालथैली

महिनाअखेर जवळ आली की शिक्षणसंस्था, पतसंस्था, कारखाने आणि लहानमोठ्या व्यापारी पेढ्या यांच्या कचेऱ्यांतून एक यादी बँकेकडे रवाना होते. कर्मचाऱ्याचे नाव, खाते क्रमांक, शाखेचा संकेतांक आणि देय रक्कम एवढाच मजकूर तीत असतो. परंतु शेकडो घरांची चूल त्या मजकुरावर अवलंबून असते. पूर्वी ही यादी बंद पाकिटातून शिपायाच्या हाती जात असे आणि वहीवर सही घेतल्यावाचून तो परत फिरत नसे. आज ती संगणकावरून फाईलच्या रूपाने जाते. यात सोय झाली हे निर्विवाद आहे. मात्र पाकीट बंद आहे काय, ते योग्य माणसाच्याच हाती पडले काय आणि पोच मिळाली काय, हे जुन्या हेडक्लार्कचे तीन प्रश्न आज अनेक ठिकाणी कोणीच विचारीत नाही. ‘ते संगणकवाल्याला ठाऊक’ असे म्हणून संस्थाचालक मोकळे होतात. खरा धोका आहे तो या मोकळेपणात.

संगणकाकडून संगणकाकडे फाईल पाठविण्याची सर्वपरिचित पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना लिहिला, ही भारतीय वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. तथापि त्या काळी संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते आणि संशोधनसंस्थांपुरते होते. परस्परांवर अविश्वास दाखविण्याचे कारण नव्हते. त्यामुळे या पद्धतीत वापरणाऱ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि फाईलमधील मजकूर हे सर्व उघड्या पोस्टकार्डासारखे जाते. वाटेत जो कोणी डोकावेल त्याला ते वाचता येते, आणि बदलताही येते. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या प्रमुख ब्राउझरांनी या पद्धतीला असलेला आधार काढून टाकला. तरीही व्यवहारातून ती पुरती हद्दपार झालेली नाही. ‘आजवर काही बिघडले नाही’ हा तिच्या बाजूचा एकमेव युक्तिवाद आहे.

तिच्या जागी आज मुख्यतः तीन पर्याय आहेत. पहिला एफटीपीएस: जुन्याच पद्धतीवर गुप्तलेखनाचे कवच चढविलेले. कवच चांगले असले तरी आज्ञा एका वाटेने आणि मजकूर दुसऱ्या वाटेने पाठविण्याची मूळची सवय कायम राहिल्याने संस्थेच्या संरक्षक भिंतीला अनेक दारे पाडावी लागतात. दुसरा एसएफटीपी. नावात साम्य असले तरी त्याचे कूळ निराळे आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये जी एसएसएच पद्धत तयार केली, तिच्यावर तो उभा आहे. नाव, आज्ञा आणि मजकूर हे सर्व त्यात एकाच बंद वाटेने जाते. तिसरा एएस२. यात फाईलवर पाठविणाऱ्याची अंकीय स्वाक्षरी असते आणि घेणारा स्वाक्षरी केलेली पोच परत पाठवू शकतो. अमेरिकेतील वॉलमार्टने २००२ मध्ये आपल्या पुरवठादारांना ही पद्धत घ्यावयास लावली, तेव्हापासून मोठ्या व्यापारात ती रुजली.

निवड करताना सर्वांत नवे कोणते, हा प्रश्न गैरलागू होय. व्यवहाराला काय हवे, हे पाहिले पाहिजे. ‘मागणीपत्र मिळालेच नाही’ असा वाद उद्या न्यायालयात जाऊ शकतो, अशा देवघेवीत स्वाक्षरीची पोच अनिवार्य आहे. तेथे एएस२चा खटाटोप सार्थकी लागतो. टपालखात्याची रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, पण पोचपावतीचे मोल विलीन झालेले नाही. उलट, एक संस्था आणि तिची एक बँक एवढाच ज्यांचा व्यवहार आहे, त्यांना एसएफटीपी पुरेसा आणि झेपणाराही आहे. खर्चाची सबब येथे टिकत नाही. त्यासाठी लागणारी ओपनएसएसएच ही प्रणाली १९९९ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅपवरही मजकूर गुप्त लिपीतच जातो. मग तेच का नको? वाटेपुरते हे खरे आहे. परंतु तेथे यादी संस्थेच्या दप्तरात न राहता कोणाच्या तरी खासगी फोनवर राहते. तो फोन हरवला, विकला अथवा त्याचा मालक नोकरी सोडून गेला की यादीही गेली, आणि ती कोठे गेली याची नोंद कोणाकडेच नाही.

तथापि पद्धत निवडली म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. एसएफटीपीने प्रथमच जोडणी करताना समोरच्या संगणकाचा ठसा दाखवून ‘हाच ना?’ असे विचारले जाते. तो ठसा बँकेकडून आधी मिळवून ताडून पाहावयाचा असतो. प्रत्यक्षात घाईने ‘होय’ म्हटले जाते आणि भामट्याने बँकेचे सोंग घेण्याची वाट मोकळी राहते. परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीची जोडी वापरणे अधिक सुरक्षित; पण खासगी किल्ली एका कारकुनाच्या संगणकावर असेल आणि त्याची बदली झाल्यावरही ती रद्द झाली नसेल, तर कुलूप कितीही भक्कम असून काय उपयोग? बंद वाट केवळ प्रवासाचे रक्षण करते. रवाना होण्यापूर्वी कोणी एक खाते क्रमांक बदलला, तर तो बदल तितक्याच सुरक्षितपणे बँकेत पोचेल! म्हणून यादी करणारा एक आणि तपासून पाठविणारा दुसरा, हा जुना दंडक आजही मोडता कामा नये.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये करखात्याने बालभत्त्याच्या नोंदी असलेल्या दोन तबकड्या नोंद न करता अंतर्गत टपालाने पाठविल्या आणि त्या गहाळ झाल्या. सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती त्यांवर होती. परवलीचा शब्द होता, पण मजकूर गुप्त लिपीत नव्हता. खात्याच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. २०२३ च्या मे महिन्यात याच्या उलट घडले. सुरक्षित देवघेवीसाठीच विकल्या जाणाऱ्या मूव्हइट या प्रणालीतील एका दोषातून चोर आत शिरले आणि जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती त्यांच्या हाती लागली. ब्रिटिश एअरवेज आणि बीबीसी यांच्या कर्मचाऱ्यांची पगारविषयक माहिती सांभाळणारी कंपनीही तीत सापडली. तेथे गुप्तलेखन तुटले नव्हते; काम संपल्यावरही ठेवणीत पडून राहिलेल्या फायली चोरांचे आयते घबाड ठरल्या. पोचलेली फाईल वेळीच पुसणे आणि प्रणालीतील दुरुस्त्या तातडीने करणे, हा त्यातील धडा होय.

आपल्याकडे कायदाही आता स्वस्थ बसलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यान्वये सुरक्षेची वाजवी तजवीज न करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. काम बाहेरच्या कंपनीकडे सोपविले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच, हे त्या कायद्याने स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘संगणकवाल्याला ठाऊक’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

तेव्हा संचालक मंडळांनी आणि कार्यकारिणींनी आपल्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक साधा विषय घ्यावा: आपली यादी कोणत्या वाटेने जाते, किल्ली कोणाकडे आहे, आणि पोच कोण तपासतो? शिक्षकांनी व कारकुनांनीही तो प्रश्न विचारावा. कारण यादीत नाव त्यांचे आहे. दंडाची रक्कम संस्था भरेल, पण चोरीला गेलेला खाते क्रमांक, जन्मतारीख आणि पत्ता यांचा ताप त्या नावाच्या माणसाला पुढे कित्येक वर्षे सोसावा लागेल.