पावतीपुस्तक खाली ठेवल्यावर

गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘फंडिंग’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्या जागी पूर्वी ‘वर्गणी’ हा शब्द होता याची आठवणही अनेकांना राहिलेली नाही. हा केवळ शब्दांतला बदल असता तर त्यावर शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. वर्गणी देणारे पुष्कळ असतात आणि त्यांतला प्रत्येक जण हिशेब विचारू शकतो. फंडिंग देणारा बहुधा एक असतो आणि तो हिशेबाबरोबर धोरणही ठरवतो. संस्था कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न अखेर तिचे उत्पन्न कोठून येते या प्रश्नापाशीच येऊन थांबतो. समाजवादी म्हणविणाऱ्या आपण मंडळींनी हा प्रश्न स्वतःला विचारणे सोडून दिले आहे, अशी माझी तक्रार आहे.

वस्तुतः महाराष्ट्राला या बाबतीत परंपरेची वाण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालच्या पणजीत घरोघरच्या मूठभर तांदळावर मराठी शाळा चालविणारी मुष्टिफंड संस्था निघाली. १९१९ पासून कर्मवीरांनी रयतेच्या दाण्यावर आणि विद्यार्थ्यांच्या घामावर जे उभारले ते सर्वांसमोर आहे. एक पैसा गोळा करण्यासाठी दारोदार हिंडायचे म्हणजे पैशापेक्षा चपला अधिक झिजायच्या, असा हिशेब एखादा पुस्तकी अर्थशास्त्री मांडील आणि आकड्यांपुरता तो बरोबरही ठरेल. पण दारोदार हिंडणे हा तेथे वसुलीचा खर्च नव्हताच. ती संघटनेची बांधणी होती. पैसा हे निमित्त होते, दार उघडले जाणे हे फलित होते.

आज हे दार ठोठावण्याची गरज उरलेली नाही, असे आपल्याला सांगितले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपयांच्या घरात आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे आहेत. मग तालुक्यातली संस्था आपला प्रस्ताव घेऊन कंपनीच्या दारात उभी राहते. कोणत्या कार्यावर खर्च करता येईल याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण असे सारे तीत आहे. त्याच कंपनीच्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळते की नाही हे पाहणाऱ्या कामगार संघटनेला मात्र तीत जागा नाही. २०२० साली महामारीच्या प्रारंभी तर केंद्र सरकारने असा खुलासा केला की, पंतप्रधानांच्या नव्या पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम या दोन टक्क्यांत धरली जाईल, राज्यांच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली धरली जाणार नाही. दानाचा ओघ कोणीकडे वळवायचा हे कोण ठरविते, ते यावरून उमजावे.

आणि या दोन टक्क्यांचे एवढे अप्रूप कशाला? सप्टेंबर २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर, अन्य सवलती सोडण्याच्या अटीवर, ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्या साऱ्या करकपातीपायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनीच तेव्हा सांगितले होते. कर म्हणून जे घ्यावयाचे ते सोडून द्यायचे आणि दान म्हणून त्यातला कवडसा परत आला की फलकावर देणगीदाराचे नाव कोरायचे, असा हा व्यवहार आहे. कराच्या पैशावर विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. दानाच्या पैशावर फक्त आभार मानता येतात.

पैशाची कथा ही, तर श्रमाची त्याहून विदारक आहे. २०१६ पासूनच्या तीन-चार उन्हाळ्यांत पाणलोटाच्या कामांच्या स्पर्धांनी महाराष्ट्राचा ग्रामीण भाग ढवळून काढला. जातीपातीत विभागलेली गावे एका चरापाशी एकत्र आली, हे मी नाकारीत नाही; त्याचे मोल आहे. परंतु कुदळ कोणाची आणि विहीर कोणाची, हा प्रश्न त्या उत्साहात कोणी विचारला? समतल चर खणले, जमिनीत पाणी मुरले, ते ज्याच्या शेतात विहीर आहे त्याच्या मोटारीला लागले. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्या मजुराने मे महिन्याच्या उन्हात फुकट घाम गाळला आणि त्याला ‘जलयोद्धा’ म्हणून टोपी मिळाली.

आता हे आठवा की, नेमक्या याच कामासाठी मजुरी मागण्याचा हक्क या राज्याने १९७७ साली कायद्याने दिला होता. रोजगार हमी हे १९७२ च्या दुष्काळातून आणि त्यावेळच्या मोर्चांतून वर आलेले, वि. स. पागे यांनी आकार दिलेले धोरण. त्याचा पैसा कोठून आला? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर बसविलेल्या व्यवसाय करातून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि बीडच्या मजुराच्या हाती ती मजुरी म्हणून पडे. यात कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता. या कराची घटनात्मक मर्यादा १९८८ साली वर्षाला अडीच हजार रुपये अशी ठरली आणि ती आजही तेवढीच आहे. पगार मात्र तेव्हाचे राहिलेले नाहीत. लाखांत पगार घेणारा अडीच हजारांत सुटतो आणि महाराष्ट्रदिनी बसने गावी जाऊन तासभर फावडे चालवून, छायाचित्र काढून परततो. त्याच्या सदिच्छेविषयी मला शंका नाही. त्याच्याकडून फावडे चालवून घेण्यापेक्षा ती मर्यादा वाढवून घेणे अधिक समाजवादी ठरेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतून आला. त्यात स्वेच्छा हा प्राण होता. सरकारने तो शब्द उचलून त्याचे काय केले? २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, लसीकरण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, महामारीत घरोघर तपासणी अशी कामे त्यांच्याकडून घेतली गेली, आणि वेतनाचा विषय निघाला की त्या ‘स्वयंसेविका’! देशभरात दहा लाखांच्या आसपास स्त्रिया या एका शब्दाच्या आधारे वेतनश्रेणीच्या बाहेर ठेवल्या गेल्या आहेत. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली, ती कागदावर राहिली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तोही सेविका न्यायालयात गेल्या म्हणून. गौरव आपसूक मिळाला, उपदानासाठी झगडावे लागले, यात सारे आले. जेथे काम रोजचे आहे, सक्तीचे आहे आणि त्यावर वरिष्ठाची देखरेख आहे, तेथे स्वयंसेवा हा शब्द वापरणे ही वेतनचोरी आहे.

हे बोल सरकारला लावताना आपल्या संस्थांकडेही पाहावे लागेल. वीस वर्षे पूर्णवेळ राबलेल्या कार्यकर्त्याला आपण काय देतो? ‘त्यागी’ हे विशेषण. त्याची बायको शाळेत नोकरी करते म्हणून घर चालते, आणि त्या बाईंचे नाव कोणत्याही अहवालात नसते. ज्यांच्या घरात दुसरा पगार नाही ते पोटासाठी प्रकल्पात जातात. प्रकल्प तीन वर्षांचा. तेवढ्या काळात गावकरी सभासदाचे लाभार्थी होतात, आणि चौथ्या वर्षी कचेरीला कुलूप लागते. १९८४ साली प्रकाश करात यांनी स्वयंसेवी गटांवर परकीय पैशाच्या निमित्ताने टीकेचा आसूड ओढला होता. पैसा परका होता हे त्यांना दिसले. आपल्या माणसांना तो का घ्यावा लागतो, याचे उत्तर डाव्या पक्षांपाशी तेव्हाही नव्हते. परकीय देणग्यांचा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा पैसा देण्यावर बंदी घातली. या दुरुस्तीचा निषेध आपण केलाच पाहिजे. पण निषेधाच्या पत्रकाचा छपाईखर्च कोण देणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

याचे एक उत्तर महाराष्ट्रात दिले गेले आहे. १९८० च्या दशकात बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत नट-नट्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, तिकिटे खपली, आणि जमलेल्या निधीच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. प्रेक्षकाला नाटक मिळाले, कार्यकर्त्याला अन्न मिळाले, आणि कोणी कोणाचा मिंधा झाला नाही.

आमचे व्यवहारी मित्र म्हणतील, वर्गणीवर रुग्णालय उभे राहते काय? नाही राहत, आणि राहूही नये. रुग्णालय, शाळा, पाणी ही कराच्या पैशावर चालावयाची कामे आहेत. नळयोजनेसाठी गावाकडून दहा टक्के लोकवर्गणी घेण्याची जी पद्धत २००२ च्या स्वजलधारेपासून पडली, तिला माझा विरोध याच कारणासाठी आहे. शहरातल्या नळासाठी अशी वर्गणी कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. वर्गणी हवी ती हे हक्क मागणाऱ्या संघटनेसाठी. तिचा हिशेब अवघड नाही. तालुक्यात पाचशे घरांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर पंचवीस हजार होतात. दोन पूर्णवेळ कार्यकर्त्यांना प्रत्येकी दहा हजार आणि कचेरीचे भाडे व प्रवास यांसाठी पाच हजार. हे मानधन तुटपुंजे आहे, पण ते कोणाच्या मर्जीवर नाही. पाचशे घरे मिळत नसतील तर त्या तालुक्यात आपली संघटना आहे असे म्हणणे आपण थांबवावे.

गणेशोत्सवातल्या काही मंडळांच्या दांडगाईने वर्गणी या शब्दाला खंडणीचा वास येऊ लागला आहे, हे खरे. म्हणूनच न देणाऱ्याच्या दारात दुसऱ्या महिन्यात त्याच नम्रतेने उभे राहता येणे, ही कार्यकर्त्याची खरी परीक्षा. मोबाइलवरून पैसे पाठविण्याचा कोड फलकावर लावून घरी बसण्याचा मोह तरुण मित्रांना होतो. पैसे त्या वाटेने खुशाल यावेत, पण मागायला माणूसच गेला पाहिजे. निवडणूक रोख्यांतील गुप्तता २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली तेव्हा आपण सभा घेतल्या होत्या. तीच कसोटी आता तालुका कचेरीच्या वहीला लावावी. दर तिमाहीच्या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पन्नास रुपये देणाऱ्या हमालाने चहापाण्याच्या आकड्यावर हरकत घेतली, तर ती त्याच्या नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावी.